तळटीपा नक्की कशा आणि किती द्यायच्या? (प्रबंधवाले, पेपरवाले सगळे या)

निळीशाई
नमस्कार मंडळी. इतिहासातला प्रबंध लिहितेय, तिसरं प्रकरण चालू आहे आणि तळटीपांनी जीव नकोसा केलाय. गाइड म्हणतात शिकागो स्टाइलने पानाच्या तळाला टीपा द्या, आणि याच प्रकरणातला एक तुकडा ज्या जर्नलला पाठवायचाय ते म्हणतात कंसात लेखक आणि वर्ष टाका, तळटीप फक्त स्पष्टीकरणाला. मजकूर दोन्हीकडे तोच जाणार, म्हणजे सगळं दोनदा करायचं का?

बाकी शंका अशा की दर वाक्याला तळटीप हवी का परिच्छेदाच्या शेवटी एक दिली तर चालते. इबिड (म्हणजे "वरच्याच ठिकाणी") वापरायचं का नाही, जुन्या पुस्तकांत पानोपानी दिसतं आणि आता कोणी म्हणालं की ते बंद झालं. आणि एक जरा नाजूक आहे. एका पुस्तकात जुन्या पत्राचा उतारा दिलाय, खाली तळटीपेत अभिलेखागाराचं नाव, फाइल नंबर, तारीख सगळं व्यवस्थित आहे. मी ते पत्र स्वतः बघितलेलं नाही. पण मी सरळ त्या फाइलचाच संदर्भ दिला तर काय बिघडतं? माहिती तर तीच आहे ना.

कागदीघोडे
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचे फॉर्मॅटचे प्रश्न आहेत, हा एकच खरा प्रश्न आहे.

नका देऊ. तळटीप म्हणजे "हे मी इथे पाहिलं" असं तुम्ही सही करून सांगता. पत्र तुम्ही पाहिलेलं नाही, पुस्तक पाहिलंय. मग आधी पत्राचा तपशील लिहा, कोणी कोणाला, तारीख, फाइल, आणि लगेच पुढे "अमुक यांच्या तमुक पुस्तकात उद्धृत, पान इतकं". यात कमीपणा काही नाही. त्या लेखकाने मधली ओळ गाळली असेल, तारीख चुकीची वाचली असेल, अभिलेखागाराने नंतर फाइलींचे नंबर बदलले असतील, हे सगळं तुमच्या नावावर कशाला घ्यायचं?

आणि असं उचललेलं कळत नाही अशा भ्रमात राहू नका. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये यावर एक मजेशीर पेपर लिहिला होता. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला लेख घेतला, त्याचे तेव्हा ४३००च्या आसपास संदर्भ दिले गेले होते, आणि त्यातल्या १९६ ठिकाणी लेखाचा पत्ता चुकलेला होता, म्हणजे खंड, पान, वर्ष यात काहीतरी गडबड. आता १९६ लोकांनी आपापल्या चुका केल्या असत्या तर जवळपास तितक्याच वेगवेगळ्या चुका निघायला हव्या होत्या. निघाल्या फक्त ४५. पान नंबरची एक चूक तर ७८ जणांनी जशीच्या तशी केली होती. म्हणजे एकाने चूक केली आणि बाकीच्यांनी त्याच्या यादीतून उतरवून घेतलं. यावरून त्यांचा अंदाज असा की मूळ लेख उघडून बघणारे साधारण २० टक्केच.

रिकामटेकडी
वाचतेय. कागदीघोडे, तो ७८वाला किस्सा जबरी आहे.

शून्यबुद्धी
आम्ही मानसशास्त्रवाले, आमच्याकडे एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत. तळटीप जवळजवळ नाहीच, कंसात नाव वर्ष आणि मागे यादी, विषय संपला. मला प्रामाणिकपणे कळत नाही की २०२० नंतरही लोक पानाच्या तळाला बारीक अक्षरात का लिहितात. वाचणारा सारखा वरखाली करतो. कंसात वर्ष दिसलं की लगेच कळतं दावा कधीचा आहे, १९७२चा प्रयोग का परवाचा, त्यासाठी डोळे हलवावे लागत नाहीत. ही पद्धत काही नवी पण नाही, हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१च्या पेपरात वापरली तेव्हापासूनची मानतात. तळटीपा म्हणजे निम्मा वेळ "बघा मी किती वाचलंय" असं असतं. एका तळटीपेत दहा दहा पुस्तकं, आणि त्यातल्या एकाचाही पान नंबर नाही.

कागदीघोडे
शून्यबुद्धी, दहा पुस्तकांच्या तळटीपेबद्दल पूर्ण सहमत. पण एक सांगा, "वरील फाइल, पत्र क्रमांक ११२, दुसरी बाजू, समासातला शेरा, अमक्याने तमक्याला, तारीख इतकी, अभिलेखागाराचं नाव, विभाग, बस्ता" हे तुम्ही कंसात कसं बसवणार? इतिहासाची साधनं बहुतेक अशीच असतात. लेखक नाही, वर्ष अंदाजे, शीर्षक नाही. नाव-वर्ष पद्धतीला छापील लेख गृहीत धरलेला असतो. प्रयोगाच्या पेपरात तुम्ही अख्ख्या लेखाकडे बोट दाखवता, इथे एका ओळीकडे दाखवायचं असतं.

पानउलट्या
इबिडचं सांगतो. शिकागो मॅन्युअलने २०१७च्या सतराव्या आवृत्तीत इबिडपेक्षा छोटा संदर्भ वापरा असं सांगितलं. म्हणजे पहिल्यांदा पूर्ण तपशील द्यायचा, नंतर फक्त आडनाव, शीर्षकाचे दोनचार शब्द आणि पान. इबिडवर बंदी नाही, गाइडना हवंच असेल तर द्या, पण मी म्हणेन लिहिताना अजिबात वापरू नका, आणि त्याचं कारण फॅशन नाही.

समजा तळटीप ३१ मध्ये पुस्तक अ आहे. ३२ मध्ये "इबिड, ४५". म्हणजे अ चं पान ४५. आता रिव्ह्यूअर म्हणाला की मधे एक वाक्य घाला, त्याला तुम्ही पुस्तक ब ची तळटीप दिली. वर्डने इमानेइतबारे नंबर सरकवले, ब झालं ३२ आणि तुमचं इबिड झालं ३३. आता ते ब च्या पान ४५कडे बोट दाखवतंय. काहीही लाल होत नाही, कुठलाही एरर येत नाही, प्रूफ वाचणाऱ्यालाही दिसत नाही कारण दिसायला सगळं ठाकठीक. दोन वर्षांनी कोणी ब काढून पान ४५ उघडतो आणि तिथे भलतंच काहीतरी. ऑप सिट (म्हणजे "आधी सांगितलेला ग्रंथ") तर त्याहून वाईट, "ऑप सिट, ९०" दिसलं की ते पुस्तक कुठलं ते शोधायला चाळीस पानं मागे जा, आणि त्या लेखकाची दोन पुस्तकं असतील तर कुठलं ते देव जाणे.

अजून एक, आधीच्या तळटीपेत दोन पुस्तकं असतील तर पुढे इबिड चालतच नाही, कुठलं इबिड? आणि हल्ली लोक स्क्रीनवर वाचतात, नंबरवर बोट ठेवलं की छोटी चौकट उघडते आणि आत लिहिलेलं असतं "इबिड". झालं समाधान.

वकीलीण
आमच्याकडे या, कायद्यात. अर्ध्या पानावर मजकूर आणि अर्ध्यावर तळटीपा ही नॉर्मल परिस्थिती आहे. अमेरिकेतल्या ब्लूबुकवाल्यांचं (ब्लूबुक म्हणजे कायद्यातले संदर्भ कसे द्यायचे त्याची नियमावली) १९२६पासून चालू आहे. ऑक्सफर्डची ऑस्कोला ही तशीच नियमावली त्यामानाने सुटसुटीत, टिंबं बिंबं नाहीत, पण तिथे आधी आलेला संदर्भ पुन्हा द्यायचा तर कंसात मागच्या तळटीपेचा नंबर द्यावा लागतो, आडनाव आणि "टीप १२" असं. आणि हा १२ हाताने टाइप केला की संपलं, वर एक तळटीप वाढली की पुढचे सगळे नंबर खोटे.

म्हणून हाताने टाइप करू नका. वर्डमध्ये क्रॉस रेफरन्स नावाचा पर्याय आहे, त्यात फूटनोट निवडून तो नंबर घाला, मग तो बांधलेला राहतो. पण तो आपोआप बदलत नाही, अपडेट करावा लागतो. आणि इथे गंमत आहे, मुख्य मजकुरात कंट्रोल ए करून एफ नाइन दाबलं तर फक्त मजकुरातले नंबर अपडेट होतात, तळटीपांच्या आतले नाही. कुठल्याही एका तळटीपेत कर्सर ठेवायचा, तिथे परत कंट्रोल ए आणि परत एफ नाइन. आमच्या क्षेत्रात हे माहीत नसलेले लोक सबमिशनच्या आदल्या रात्री ओळखू येतात.

निळीशाई
बाप रे. सगळ्यांचे आभार, पत्राचं कळलं, "उद्धृत" असंच देते. पण परिच्छेदाचं कोणी सांगेल का? माझा एक परिच्छेद सहा वाक्यांचा आहे, त्यात तीन पुस्तकं आळीपाळीने आलीत आणि मी नऊ नंबर टाकलेत. गाइड म्हणाले गोवर उठल्यासारखं दिसतंय.

पानउलट्या
गोवर, हाहा. शिकागोत एका तळटीपेत अनेक संदर्भ देता येतात, मजकुरात ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, मधे अर्धविराम. पण कुठला संदर्भ कशाचा ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे ही खरी अट. म्हणून शेवटच्या एका तळटीपेत नुसती तीन नावं टाकू नका. "कराच्या आकड्यांसाठी अमुक, पान ५६ ते ५८; अधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी तमुक, पान १०२" असं लिहा. चार शब्द वाढतात पण नऊचे दोन नंबर होतात.

फक्त शब्दशः अवतरण असेल तर त्याला स्वतःचा नंबर द्या, तिथे काटकसर नको. तसंच आकडा, आणि ज्यावर वाद होऊ शकतो असं विधान. आणि सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला तळटीप नको, दुसरं महायुद्ध १९३९ला सुरू झालं याला संदर्भ दिला की उलट शंका येते.

नंबर विरामचिन्हानंतर, अवतरणचिन्ह बंद झाल्यावर. शीर्षकावर टाकू नका.

लेटेक्सवेडा
शीर्षकावर टाकू नका याला जोरदार +१. लेटेक्समध्ये (कोड लिहून मजकूर मांडायचं सॉफ्टवेअर) सेक्शनच्या नावात फूटनोट टाकली की ती अनुक्रमणिकेतही जाऊन बसते. टाकायचीच असेल तर चौकोनी कंसात टीपेविना शीर्षक वेगळं द्यावं लागतं.

आता निळीशाई, तुमचा पहिला प्रश्न कोणीच घेतला नाही, दोन स्टाइलचा. सगळं दोनदा करायचं नाही. झोटेरो वापरा, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, २००६पासून आहे. त्यात प्रत्येक पुस्तकाची नोंद एकदाच करायची आणि वर्डमध्ये संदर्भ घालताना त्याच्या बटणावरून घालायचा. मग डॉक्युमेंट प्रेफरन्समध्ये जाऊन शिकागो नोट्सचं नाव-वर्ष केलं की तळटीपांतले संदर्भ कंसात येतात. पण काही पथ्यं आहेत. पान नंबर संदर्भाच्या चौकटीतल्या पानाच्या रकान्यात टाका, पुढे हाताने टाइप केलात तर स्टाइल बदलल्यावर तो लोंबकळत राहतो. "उद्धृत", "तुलना करा" वगैरे शब्द पण त्याच चौकटीत आधी-नंतरच्या रकान्यात. आणि स्टाइल बदलायच्या आधी फाइलची कॉपी, हे सांगायला नको. अनलिंक सायटेशन्स नावाचं बटण अगदी शेवटच्या प्रतीवरच, ते दाबलं की सगळा साधा मजकूर होतो आणि झोटेरोचा संबंध तुटतो.

ज्या टीपा स्पष्टीकरणाच्या आहेत त्या नाव-वर्षमध्येही तळटीपच राहू द्या, आतला संदर्भ फक्त कंसात. तुमचं जर्नल तेच मागतंय बहुतेक.

लेटेक्सवाले असाल तर बिबलेटेक्स हे त्यातलं संदर्भांचं पॅकेज घ्या, संदर्भाला सगळीकडे ऑटोसाइट ही आज्ञा वापरा, वर एक ओळ बदलली की तळटीपचं कंस होतं. बाकी मी फार बोलत नाही, लोक मारायला येतात.

कागदीघोडे
झोटेरो चांगलंच आहे, पण त्यात येणारा डेटा तपासा. नेटवरून एका क्लिकवर ओढलेल्या नोंदीत संपादकाचं नाव लेखकाच्या जागी, प्रकाशक गायब, वर्ष पुनर्मुद्रणाचं, असे प्रकार सर्रास असतात. आणि सॉफ्टवेअर काय, जे दिलं ते सुबक छापतं.

पुनर्मुद्रणावरून आठवलं. पान नंबर हा तुमच्या हातातल्या प्रतीचा असतो, पुस्तकाचा नव्हे. १९३०चं पुस्तक तुम्ही १९८५च्या छपाईत वाचलं असेल तर १९८५ लिहिलंच पाहिजे, मूळ वर्ष सोबत द्या हवं तर. मूळ वर्ष भारदस्त दिसतं म्हणून तेवढंच दिलं की वाचणारा जुनी प्रत काढतो आणि पान जुळत नाही.

शून्यबुद्धी
बरं ते स्पष्टीकरणाच्या तळटीपांचं काय? माझं मत साफ आहे, मुद्दा महत्त्वाचा असेल तर वर लिहा, नसेल तर काढून टाका. खाली कोपऱ्यात बसून कुजबुज कशाला.

रिकामटेकडी
अहो पण तळटीपांत तर खरी मजा असते! पिएर बेल नावाच्या फ्रेंच माणसाने १६९७ला कोश काढला त्यात वर मजकुराच्या चार ओळी आणि खाली पानभर टीपा, सगळी भांडणं त्या टीपांत. आणि गिबनचा किस्सा माहितीये का, रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावर लिहिलं तोच. १७७६ला त्याचा पहिला खंड आला तेव्हा टीपा सगळ्या पुस्तकाच्या मागे होत्या. डेव्हिड ह्यूमने वाचून प्रकाशकाला पत्र लिहिलं की टीप आहे म्हणून शेवटी जावं तर तिथे नुसतं कुठल्यातरी ग्रंथाचं नाव, असले संदर्भ समासात किंवा पानाच्या तळाशी छापा. पुढे त्या टीपा खरंच तळाला आल्या. म्हणजे एन्डनोटचा वैताग अडीचशे वर्षं जुना आहे.

वकीलीण
ह्यूमला अनुमोदन. एका जर्नलने आमच्या लेखाच्या तळटीपा न विचारता एन्डनोट करून टाकल्या, त्यात "वरची टीप बघा", "खालची टीप बघा" सगळं निरर्थक झालं.

कागदीघोडे
शून्यबुद्धी, एक उदाहरण देतो, पटतं का बघा. एका घटनेच्या तारखा तीन साधनांत तीन वेगळ्या आहेत. वरच्या मजकुराला एवढंच हवंय की घटना त्या वर्षाच्या शेवटाकडे झाली. आता तिन्ही तारखा आणि मी तिसरी का मानली हे वर लिहिलं तर मुद्दा तिथेच मरतो. काढून टाकलं तर दुसऱ्या तारखेचं साधन वाचलेला माणूस म्हणणार की याने वाचलंच नाही. त्याची जागा खालीच. तीन ओळीत. तीस ओळी झाल्या तर मग तुमचं बरोबर, तो वेगळा लेख आहे.

शून्यबुद्धी
हे ठीक आहे. तीन ओळी मान्य.

रिकामटेकडी
मूळ पत्र न बघता संदर्भ देण्यावरून पालकाच्या भाजीची गोष्ट सांगते, ती या धाग्यात यायलाच हवी.

सगळ्यांनी ऐकलंय ना, की पालकात लोह खूप असतं हा समज एका दशांश चिन्हाच्या चुकीने पसरला, आकडा दहापट छापला गेला? १९८१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी तसं लिहिलं. मोठं जर्नल, गोष्ट सुंदर, मग काय, जो तो तिचा संदर्भ देऊ लागला, आणि गंमत म्हणजे कशासाठी, तर "माहिती मुळापासून तपासा" हे शिकवायला. पण त्या लेखात या दाव्याला स्वतःचा संदर्भच नव्हता. नंतर माइक सटन यांनी खोदून बघितलं तेव्हा दशांश चिन्हाच्या चुकीचा पुरावाच सापडला नाही. २०१४ला रेकडाल यांनी या सगळ्या साखळीवर एक लेख लिहिला, शैक्षणिक दंतकथा कशा तयार होतात म्हणून.

म्हणजे तळटीप होती, जर्नल खरं होतं, पान बरोबर होतं. त्या पानावर आधार मात्र काहीच नव्हता.

पानउलट्या
याचीच दुसरी बाजू, न लिहिलेल्या लेखाचा संदर्भ. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नमुना फाइलमध्ये संदर्भ कसा द्यायचा हे दाखवायला एक काल्पनिक लेख दिला होता, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेवरचा. लोकांनी ती नमुन्याची ओळ पुसलीच नाही. २०१७मध्ये ॲन-विल हार्झिंग यांनी हे उजेडात आणलं तेव्हा त्या नसलेल्या लेखाला जवळपास ४०० संदर्भ मिळालेले होते.

वकीलीण
आता तर चॅटजीपीटी असे लेख मागाल तितके काढून देतो. २०२३ला न्यूयॉर्कमध्ये विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात वकिलांनी त्याने रचलेले खटले कोर्टात दिले, नावं, नंबर, निकालातले उतारे सगळं बनावट. पाच हजार डॉलर दंड झाला. मशीनकडून नाव मिळालं तर हरकत नाही, पण ते लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये नाहीतर डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून उघडल्याशिवाय तळटीपेत जाऊ देऊ नका.

निळीशाई
खूपच कामाचा धागा झाला. अजून एक, काही संदर्भ वेबसाइटचे आहेत, लिंक नुसती दिली तर?

वकीलीण
लिंका मरतात. २०१४मध्ये हार्वर्डच्या लोकांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतल्या लिंका तपासल्या, जवळपास निम्म्या लिंकांवर मूळ माहिती उरली नव्हती. लॉ रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कायद्याच्या जर्नल्समध्ये, तर ७० टक्क्यांच्या वर. त्यामुळे डीओआय असेल तर तोच द्या. नसेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणारी साइट) पान सेव्ह करून ती लिंक द्या, सोबत मूळ पत्ता, लेखाचं नाव, कोणी लिहिलं, आणि कधी पाहिलं ती तारीख. लिंक मेली तरी बाकीच्या तपशिलावरून शोधता येतं.

निळीशाई
ओके. आणि तक्त्यांतल्या टीपा? माझ्या तक्त्यात काही आकडे अंदाजे आहेत, तिथे नेहमीचाच नंबर टाकला, तर तो ४७ आला.

लेटेक्सवेडा
तक्त्याची टीप मुख्य रांगेत घेऊ नका. तक्त्याच्या लगेच खाली द्या, म्हणजे तक्ता दुसऱ्या पानावर सरकला तरी टीपा सोबत जातात. आणि खूण म्हणून अक्षर वापरा, अ ब क, किंवा तारा. आकड्यांच्या तक्त्यात आकडा नको, १२ च्या डोक्यावर बारीक २ ठेवलात तर परीक्षक त्याला बाराचा वर्ग समजून बेरीज करत बसेल.